चुकणारा ठोका आणि सबूरमामा

१५ फेब्रुवारी १९४४, मंगळवार. सकाळी बोरीच्या अलीकडच्या चढावर मी मोटार ढकलत होते. पदर कमरेला खोचलेला, चपला गाडीत टाकलेल्या. मागच्या गादीवर चारठाण्याची रखमा होती, आदल्या दिवसापासून अडलेली. डाव्या बाजूने तिचा नवरा ढकलत होता, उजव्या बाजूने मी, आणि पुढे चाकावर दोन्ही हात ठेवून सबूरमामा बसले होते. गाडी सरकली, इंजिनाने तीन ठोके नीट मारले, चौथा चुकवला, सगळ्यांना एक हिसका दिला आणि ते गप्प झालं. मामांनी मान बाहेर काढून मागे पाहिलं आणि म्हणाले, "सबूर करा, बाई. तिला जरा ऊन खाऊ द्या."

त्या वेळी मला त्यांचा जितका राग आला, तितका फार थोड्या माणसांचा आला असेल. आणि जिंतूरच्या माझ्या सगळ्या नोकरीत ज्या माणसाशेजारी मी सर्वांत निर्धास्त बसले, तेही हेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही लिहिते.

त्यांचं खरं नाव कुठल्यातरी देवाचं होतं, पण ते कुणी वापरत नसे. 'सबूर' हा त्यांचा एकच शब्द सगळीकडे चाले. प्रवासी घाई करू लागले, सबूर. म्हशी रस्त्यात आडव्या आल्या, सबूर. तहसिलीतले अंमलदार ओट्यावरून "सबूर, गाडी निकालो" म्हणून ओरडले, तरी मामा शांतपणे "सबूर, सरकार" म्हणत आणि आपल्या वेळेलाच गाडी काढत. अंमलदारांना ही थट्टा आहे की अदब, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटतं, मामांच्या मनात दोन्ही नव्हतं. मी काय करतोय ते मला करू द्या, एवढाच त्यांच्या सबुरीचा अर्थ होता.

ते मूळचे मेंढरांमागे हिंडणारे. चारठाण्याच्या माळावर त्यांच्या भावाचा कळप होता. एकदा पावसाळ्यात जिंतूरच्या वकीलसाहेबांची मोटार तिथल्या ओढ्यात रुतली. मामांनी मेंढरं भावाकडे सोपवून गाडी बाहेर काढली, रात्रभर तिची राखण केली आणि सकाळी वकीलसाहेबांना विचारलं की हिला खायला काय घालता. वकीलसाहेबांना तो प्रश्न इतका आवडला की त्यांनी मामांना ठेवूनच घेतलं. गाडी हाकायला ते दोन-तीन महिन्यांत शिकले. मेंढरं मात्र त्यांच्या डोक्यातून कधी गेली नाहीत. थंडीत ते स्वतःचं घोंगडं बॉनेटवर टाकत आणि आपण धोतर पांघरून निजत. इंजिन बिघडलं की "खोकायलीय" म्हणत. गाडी उभी करून लगेच निघून जात नसत. तिच्याभोवती एक फेरी मारत, चारी चाकांवर हात ठेवत, आणि मगच विडी पेटवत.

मी तेव्हा जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. बाळंतपणाचं शिक्षण हैदराबादेत झालेलं, आणि कामाचा मुलूख म्हणजे काळ्या मातीच्या वाटांनी जोडलेली गावं. अडलेल्या बाईला परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे बैलगाडी. बैलगाडीत मी किती जणींचे हात धरून बसले आणि कितींचे हात वाटेतच गार पडले, ते आता सांगत बसत नाही. वकीलसाहेबांनी नवी मोटार घेतली तेव्हा मी त्यांच्या दारात जाऊन बसले आणि जुनी दवाखान्यासाठी मागून घेतली. त्यांनी दिली, पण अट घातली की एरवी ती भाड्याने चालेल, आणि मामा तिच्यासोबत राहतील. गाडी जुनी होती, कापडी टपाची होती, दारं सुतळीने बांधलेली होती. पण दीड-दोन तासांत परभणीला पोचवायची. पहिल्या वर्षात वाटेत एकही बाई दगावली नाही.

मग तो ठोका चुकायला लागला.

रोज चुकत असता तर इलाज सोपा होता. पण गाडी आठ-आठ दिवस कामसू बैलासारखी चाले आणि नवव्या दिवशी सकाळी चढावर धक्के खाऊ लागे. कधी थोड्या वेळाने आपोआप ठीक होई, कधी तासभर हलत नसे. दुपारी कुणाला दाखवावी तर तिच्याइतकी गुणी गाडी नाही. पावसाळ्यात तर रोजचाच खेळ. युद्धाचे दिवस, पेट्रोल मोजून मिळायचं, आणि त्यातलं निम्मं ती जागच्या जागी फुरफुरून संपवायची.

जिंतुरात एक सायकल दुरुस्तीवाला होता. तो म्हणाला पेट्रोलात कचरा आहे. पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळलं, नळ्या तोंडाने फुंकल्या, गाडी सुरू झाली. सायकलवाला महिनाभर छाती काढून हिंडला, आणि मग ठोका पुन्हा चुकला. परभणीच्या रेल्वेतला एक फिटर ओळखीचा होता. तो म्हणाला प्लग गेलेत. प्लग घासले, गाडी सुरू झाली. पुढच्या खेपेला तो म्हणाला तारा गेल्यात. तारा बदलल्या, गाडी सुरू झाली. वकीलसाहेबांनी स्वतः बाह्या वर करून कसलासा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, तरीही सुरू झाली, आणि त्यांनी तो किस्सा कचेरीत रंगवून सांगितला. जो जो हात लावी त्याला त्याला यश येई आणि रोग जसाच्या तसा. त्यात वेळ किती जातो, इंजिन उघडून ठेवलं की ऊन आणि वारा किती लागतो, हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. फक्त मामा म्हणत, "ऊन दाखवा तिला." त्यांना कारण ठाऊक नव्हतं. आजारी मेंढराला उन्हात बसवायचं, एवढंच ठाऊक होतं.

मी माझ्या पद्धतीने विचार करायला लागले. ताप कधी चढतो, कधी उतरतो, रोग्याने आधी काय खाल्लं, हे विचारल्याशिवाय आम्ही औषध देत नाही. पहिला संशय घोंगड्यावर गेला. रात्रभर ते दंवाने ओलं होतं आणि खाली इंजिन. मामांना सांगितलं, घोंगडं बंद. त्यांनी दोन आठवडे ते टाकलं नाही. रात्री दोनदा उठून बॉनेटवर हात ठेवून यायचे, असं त्यांच्या बायकोने मला सांगितलं, जणू मी त्यांचं पोर उघड्यावर निजवलं होतं. ठोका तरीही चुकला. घोंगडं परत आलं. मग मला वाटलं, बोरीचा चढच बाधतो. पण सपाटीवरही ती बंद पडली. मग वाटलं, ओझं जास्त होतं. पण रिकामीही बंद पडली. चिडून मी एकदा म्हणाले, "मामा, तुमचं मेंढरू असतं तर तुम्ही एव्हाना विकलं असतं." ते म्हणाले, "खोकणारं मेंढरू इकत न्हाईत, बाई. घेणाऱ्याचा कळप मरतो." हे बोलणं नंतर मला आठवायला हवं होतं. तेव्हा मी नुसती दार आपटून बसले.

मला एकच गोष्ट कधी पाहायला मिळत नसे. रुग्ण परभणीला पोचवला की मी रात्री तिथेच राहायची आणि दुसऱ्या दिवशी मालमोटारीने परतायची. मामा रिकामी गाडी घेऊन एकटे मागे फिरत. वाटेत नदीवर थांबतात, एवढं मला ठाऊक होतं. माणूस आहे, अंघोळ करत असेल, असं मी समजत होते.

त्या फेब्रुवारीच्या आधी वकीलसाहेबांनी निक्षून सांगितलं होतं की आणखी एकदा गाडी वाटेत पडली तर ते ती मोडीत काढतील. बोरीचे एक बागायतदार तिचं इंजिन विहिरीवरच्या पंपाला मागत होते. म्हणजे माझी बैलगाडी परत येणार होती. आणि मी मंगळवारी सकाळी चढावर उभी होते, आत रखमा ओठ चावत होती, आणि मामा म्हणत होते, सबूर.

आम्ही गाडी ढकलत बाभळींच्या सावलीतून पुढे उघड्यावर नेली. बॉनेट उघडलं. ऊन चढेपर्यंत मी रखमाशेजारी बसून होते. तिचा नवरा दर थोड्या वेळाने येऊन विचारी, "झाली का हो सुरू?" आणि मी रखमाची नाडी पाहत राही. शेवटी मामांनी हँडल मारलं आणि ती एका झटक्यात सुरू झाली, जणू काही घडलंच नव्हतं. परभणीत डॉक्टरांनी रखमाला वाचवलं. मूल वाचलं नाही. तासभर आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले.

मी तडक बाहेर आले. मामांना म्हटलं, आज तुम्ही परत जायचं नाही. गाडी फिटरकडे घ्या आणि मी समोर उभी राहणार. फिटरने एकेक प्लग काढला. पांढऱ्या चिनीमातीवर पांढराच थर होता, तारांच्या टोकांनाही तसाच. "ये तो खारे पानी का है, बाईजी," फिटर म्हणाला, "हर गाड़ी में होता है," आणि फडक्याने पुसायला गेला. मी त्याचा हात धरला. गाडीतलं पाणी इंजिनाच्या आतून खेळतं, बाहेरून नाही, एवढं मला इतक्या महिन्यांत कळलं होतं. बोटाने तो थर खरवडला आणि जिभेला लावला. फिटर माझ्याकडे पाहत राहिला. ते नुसतं पाण्याचं खारेपण नव्हतं. ते स्वयंपाकघरातलं मीठ होतं.

"मामा, इंजिनावर मीठ कुठून आलं?"

मामांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. "म्या घालतो की."

"कशाला?"

"धुताना. कडुलिंबाचा पाला अन् मीठ. मेंढरांना खुरकुत आली की आमी पाय त्यातच धुतो. मेंढी व्याली की जागा बी त्यानंच धुतो." मग मलाच आठवण करून दिल्यासारखे म्हणाले, "तुमीच सांगितलं न्हाई का, एकीचं दुसरीला लागतंय म्हणून? तुमी हात धुता. म्या गाडी धुतो."

मी दर महिन्याला दवाखान्याच्या ओट्यावर गावोगावच्या सुइणींना बोलवून सांगत असे: हात धुवा, नखं काढा, एकीचं रक्त दुसरीपर्यंत नेऊ नका. सुइणी माना डोलवत आणि घरी जाऊन आपलंच खरं करत. मामा पायरीवर विडी ओढत बसलेले असत. त्या सगळ्या बोलण्यातला शब्द न् शब्द ज्या एका माणसाने मनावर घेतला, तो हा होता. वर्षभर ते ऐकल्यावर मामा प्रत्येक बाळंतिणीनंतर नदीवर थांबू लागले. ते गादी धूत, फळ्या धूत, दारं धूत, आणि मग बॉनेट उघडून सगळ्या इंजिनावर घागरभर मिठाचं पाणी ओतत. वरचं धुतलं आणि आतलं ठेवलं तर धुतलं कसलं, असा त्यांचा हिशेब. गाडी तशीच घरी येई. रस्त्यात गरम इंजिनावर पाणी सुके, मीठ राही. रात्री त्या मिठाला दंव धरे. सकाळी ठिणगी प्लगमध्ये जाण्याऐवजी त्या ओलाव्यावरून वाट काढी. फिटरने हे मला दोन वाक्यांत समजावलं आणि तोंड फिरवून हसायला लागला. मला हसू आलं नाही.

"हात मी धुते, मामा," मी म्हणाले. "काळीज बाहेर काढून धूत नाही."

"तुमाला काढता येत न्हाई म्हणून. मला हिचं उघडता येतंय."

मी त्यांना तिथेच उभं करून सांगितलं. गादी, फळ्या, दारं, जिथे बाईचं अंग लागतं ते सगळं धुवा, रोज धुवा, मी दवाखान्यातलं कार्बोलिक औषध देते. बॉनेटच्या आत थेंब जाता कामा नये. तिथे कुणी बाळंत होत नाही. तुमच्या पाण्याने आज एक मूल गेलं, असं मी म्हणाले नाही. म्हणायची गरजही नव्हती. ते प्लगकडे पाहत होते. मग म्हणाले, "न्हाई जानार थेंब." 'सबूर' म्हणाले नाहीत.

आणि खरोखर थेंब गेला नाही. फिटरने सगळं गोड्या पाण्याने पुसून, वाळवून, पुन्हा जोडलं. त्या दिवसापासून गाडीने एकदाही ठोका चुकवला नाही. पावसाळाही न खोकता गेला. वकीलसाहेबांनी इंजिन पंपाला द्यायचा विषय सोडला आणि आपल्या स्क्रूचा किस्सा परत सांगायला लागले. मी मात्र मामांना पाहत होते. ते गादी धूत, फळ्या धूत, आणि बॉनेटपाशी आले की घागर हातात घेऊन क्षणभर थांबत. मग उरलेलं पाणी बाभळीच्या बुडाशी ओतून देत. एकदा मी विचारलं, आता काय झालं? म्हणाले, "काय न्हाई. आर्धं काम केल्यावानी वाटतं."

दिवाळीनंतर आम्ही एका तापाच्या बाळंतिणीला परभणीला नेलं. ती वाचली. तिच्या मागोमाग, त्याच आठवड्यात, बोरीजवळच्या वाडीवरची गंगू नेली. तिचं बाळंतपण दवाखान्यात चांगलं झालं, मुलगी झाली, मामांनीच तिला घरी सोडलं. पाच-सहा दिवसांनी निरोप आला की गंगूला ताप आहे. आम्ही पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. मी चौकशी केली. घरी पोट दुखतं म्हणाली तेव्हा सासूने गावच्या सुइणीला बोलावलं होतं आणि सुइणीने हात घातला होता. न धुतलेला. इतकं स्वच्छ कारण होतं. मी ते मामांना तिथेच, वाडीच्या बाहेर, गाडीपाशी सांगितलं. परत येताना सांगितलं. जिंतुरात उतरल्यावर सांगितलं. सुइणीचं नाव सांगितलं, आजार कसा येतो ते सांगितलं, लोखंडाला बाळंतरोग होत नाही हे सांगितलं. मी चिडले, मी पुन्हा शांत झाले, मी पुन्हा सांगितलं. ते सगळं ऐकून घेत होते, कारण माझं बोलणं ते नेहमीच ऐकून घेत.

संध्याकाळी ते दवाखान्याच्या ओट्यावर आले. हँडल वकीलसाहेबांकडे देऊन आले होते. घोंगडं खांद्यावर होतं. भावाकडे चाललोय म्हणाले, चारठाण्याला, मेंढरांत. मी म्हटलं, मामा, तुमची काही चूक नाही, मी तुम्हाला सकाळपासून तेच सांगतेय.

"तुमचं खरं असंल, बाई," ते म्हणाले. "तुमी शिकलेल्या. पर म्या धुतली न्हाई, एवढं मला ठाऊक हाय."

मला त्यांना पटवता आलं असतं, असं अजूनही वाटतं. आणखी एक दिवस मिळाला असता, किंवा मी आवाज चढवला नसता, तर. पण हेही खरं की त्यांना जे पटलेलं होतं ते मीच पटवलेलं होतं, आणि त्यातला कुठला भाग खरा आणि कुठला नाही, हे त्यांना सांगायला मी फार उशिरा गेले. एका प्लगवरचं मीठ चाटून कळतं. माणसाच्या मनावरचं तसं खरवडता येत नाही. ते पायऱ्या उतरले, दारात उभ्या असलेल्या गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली आणि चारठाण्याच्या वाटेला लागले. पुढच्या वर्षी तिकडे गेले तेव्हा कळप पलीकडे वऱ्हाडात चरायला गेला होता. नंतर मुलखात धामधूम सुरू झाली आणि माळावरचे कळप कुठे कुठे पांगले. मला ते पुन्हा भेटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीकडून निरोप आला, एक बाई अडली आहे. वकीलसाहेबांनी त्यांचा नवा डायवर पाठवला. मी त्याला थांबायला सांगितलं. चुलीवर पाणी तापवलं, त्यात कार्बोलिक घातलं आणि गादी, फळ्या, दारं घासून काढली. मग बॉनेट उघडलं. आत पाणी घालण्यात काही अर्थ नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. एक कोरडं, उकळून वाळवलेलं फडकं घेतलं आणि चारी प्लग, त्यांच्या तारा, तारांची टोकं, जिथे जिथे हात पोचेल ते सगळं एकेक करून पुसलं. डायवर विचारत होता, बाई, हे कशाला. मी त्याला हँडल मारायला सांगितलं.